टाच आधी

आश्विन सरत आला की मला कापलेल्या भाताचा वास आठवतो. आठवतो असंच म्हणायला हवं, कारण वास यायला आता भात आहे कुठे? कामोठ्यात मी सातव्या मजल्यावर राहते. खिडकीतून खाली पाहिलं की गाड्यांची टपं दिसतात, शेजारच्या बिल्डिंगच्या पाण्याच्या टाक्या दिसतात आणि गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी. ही इमारत उभी आहे तिथे तेव्हा गुडघाभर भात असायचं. हायवेच्या पलीकडे, कळंबोलीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या खिडकीतून मी ते बघायचे. पावसाळ्यात गर्द हिरवं, दसऱ्याला पोपटी, दिवाळीला पिवळं.

परवा नावड्याला कुणाच्या तरी दहाव्याला गेले होते. परत येताना रिक्षा कारखान्यांच्या भिंतींमधून चालली होती. एका वळणावर भिंत संपली आणि शेताचा एक तुकडा दिसला, अजून कसा कोण जाणे राहून गेलेला. नुकताच कापलेला. ओला, गोडसर, थोडा कुबट असा तो वास एकदम नाकात शिरला.

"जरा थांबव रे," मी म्हटलं.

"काय झालं मावशी? उलटी होतेय?"

"नाही. नुसतंच थांब."

तो थांबला. मीटर पडत राहिलं. मी बसून राहिले, आणि माझ्या तळहातांना मात्र भाताचं नाही, तिळाच्या तेलाचं काहीतरी आठवायला लागलं. तेलाखालच्या एका पाठीचं. लाकडासारख्या कडक झालेल्या पाठीचं.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं ती. कळंबोली तेव्हा म्हणजे लोखंडाचे ढीग, ट्रेलरच्या रांगा आणि मधेच आमच्यासारख्यांच्या ठेंगण्या, एकसारख्या इमारती. आमचे हे तळोज्याला एका केमिकल कंपनीत शिफ्टचे फोरमन होते. मूळचे कराडकडचे. मुंबईत आले ते बापाच्या जमिनीचे वाटे झाल्यावर, पण येताना अंगातली तालीम बरोबर घेऊन आले. मोठे पैलवान वगैरे कधीच नव्हते. गावच्या जत्रेत धरलेल्या दोनचार कुस्त्या, त्यातल्याही निम्म्या हरलेल्या. तरी सकाळच्या जोर-बैठका चुकायच्या नाहीत. पलंग आणि कपाटाच्या मधे जेमतेम एक माणूस आडवा होईल एवढी जागा होती, तिथे ते जोर काढायचे. फरशीवर घामाचा माणसाएवढा ओला ठसा राहायचा आणि मी त्यावरून पोतेरं फिरवायचे. आम्हाला मूल नव्हतं. त्या घरात आवाज होता तो त्यांच्या श्वासाचा.

दुखणं आलं ते चोरपावलांनी. उजव्या हाताचा अंगठा बोटावर फिरायला लागला, नुसता, बसल्या बसल्या. तंबाखू मळावी तसा. कंपनीतल्या एकाने खरंच चुन्याची डबी पुढे केली. "घ्या फोरमन, कधीपासून सुरू केलीत?" घरी येऊन त्यांनी मला हे सांगितलं आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो. मग डाव्या चपलेपेक्षा उजवी चप्पल लवकर झिजायला लागली. जिन्यातून येताना मला तिचं घासणं ऐकू यायचं. मग चेहरा गेला. हसू आत कुठेतरी उमटायचं, पण चेहऱ्यापर्यंत पोचायचं नाही. नातेवाईक म्हणायला लागले, विलासराव हल्ली कुणाशी धड बोलत नाहीत, पगार वाढला वाटतं.

आणि एक दिवस कंपनीच्या गेटवर नव्या वॉचमनने त्यांना अडवून तोंडाचा वास घेतला. आयुष्यात थेंबाला न शिवलेल्या माणसाच्या. त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत. पाटावर बसून म्हणाले, "मंदा, मी वाकडा चालतो का गं?"

मी म्हटलं, "थोडं."

"मग आधी का नाही बोललीस?"

रोज बघणाऱ्याला माणूस रोज तेवढाच दिसतो.

मुंबईच्या डॉक्टरांनी फार तपासण्या केल्या नाहीत. चालायला लावलं, वळायला लावलं, मनगट धरून हात वाकवून पाहिला. मग म्हणाले, "आपल्याकडे कंपवात म्हणतात ना, तो हा. बरा होत नाही. पण सांभाळता येतो. गोळ्या वेळच्या वेळी, आणि व्यायाम सोडू नका."

माझ्या कानात त्यातलं पहिलं वाक्य अडकलं. यांच्या कानात शेवटचं. बसमध्ये बसल्या बसल्या म्हणाले, "व्यायामच ना? तो तर आपला हातखंडा हाय." गावची बोली त्यांच्या तोंडात अशी आनंदाच्या किंवा भीतीच्या वेळी परत यायची. त्या दिवशी कशामुळे आली होती ते मला कळलं नाही.

घामाला न भिणाऱ्या माणसाची एक अडचण असते. त्याला वाटतं, जे घामाने जात नाही ते पुरेसा घाम न काढल्यामुळे जात नाही. हे जोर वाढवत गेले. गोळी लागू पडलेली असायची तोवर अंग ऐकायचं. तिचा असर उतरला की मधेच, हात टेकलेले असताना, अंग थांबायचं. फरशीला गाल लावून ते तसेच पडून राहायचे. मी उचलायला गेले की म्हणायचे, "हात लावू नको." एकदा कपाटाचा कोपरा भुवईला लागला, टाके पडले. टाके काढून आल्याच्या दुसऱ्या सकाळी फरशीवर पुन्हा ओला ठसा होता.

त्यांचा धाकटा भाऊ सुरेश नेरुळला राहायचा. भावावर जीव टाकणारा. त्या वर्षी नवरात्रात तो घाईघाईने आला, चहासुद्धा न घेता सांगायला लागला. तळोज्याच्या पुढे, डोंगराच्या अंगाला एका वाडीवर कुणी गुरुजी शिबिर घेतात. माती, पाणी, तेल, ऊन आणि व्यायाम. औषध नाही. "वहिनी, लकवा मारलेली माणसं चालत घरी गेलीत. मी स्वतः बघून आलो. दादासारखा मेहनती माणूस तर तिथे महिन्याभरात टेन्शन फ्री होईल."

यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. "कधी जायचं?" म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी आम्ही तिथे राहायला गेलो. ती जागा खरंच सुंदर होती, हे मी कबूल करते. आंब्याची झाडं, ओढ्याचं पाणी, दवाने भिजलेलं गवत. पहाटे सगळ्यांना त्या गवतावर अनवाणी चालवायचे. कपाळावर मातीचा लेप, पोटावर ओली पट्टी, मग कोवळ्या उन्हात अंगभर तेल. दीर्घ श्वास घ्यायला शिकवायचे. गुरुजी पन्नाशीचे, शांत, हळू आवाजात बोलणारे. लबाड दिसले असते तर बरं झालं असतं. त्यांचा स्वतःच्या बोलण्यावर पूर्ण विश्वास होता. ते म्हणायचे, "शरीर हाच वैद्य. त्याला बाहेरून हुकूम सोडू नका."

आणि गुण आला. दसऱ्याच्या दिवशी घरी परतल्यावर यांनी दाराला तोरण स्वतः बांधलं. मालिश करून पाठ सैल झाली होती, झोप लागत होती, बद्धकोष्ठ मोडलं होतं. "बघ," हात पुढे धरून म्हणाले, "थांबला का नाही?" थांबला नव्हता. पण इतका कमी झाला होता की मलाही थांबल्यासारखा वाटला. मी मनातल्या मनात गुरुजींना हात जोडले. माती, तेल, श्वास यांनी जे दिलं ते खोटं नव्हतं. आजही मी तसं म्हणणार नाही.

पण कोजागिरीनंतर उतार सुरू झाला. चप्पल पुन्हा घासायला लागली. आवाज खोल गेला. दाराच्या चौकटीत आले की पाय जमिनीला खिळायचे. मला वाटलं, दुखणं वाढलं. त्यांना विचारलं, "गोळी घेतलीत?" त्यांनी मान हलवली. रोज माझ्यासमोर गोळी हातात घ्यायचे, पाण्याचा पेला घेऊन खिडकीशी जायचे. खिडकीशी उभं राहून भात बघत पाणी प्यायची त्यांची जुनी सवय होती.

नरकचतुर्दशीच्या पहाटे मी त्यांना पाटावर बसवलं आणि तेल लावायला घेतलं. बाहेर पोरांनी फटाके सुरू केले होते. खांद्याला हात लावला आणि माझा हात थबकला. माणसाचं अंग नव्हतं ते. उंबऱ्याचं लाकूड असावं तसं. मी रगडत गेले, तेल आत जाईना. "अहो, उठता का?" त्यांनी उठायचा प्रयत्न केला असावा, कारण मानेची शीर ताठली. बाकी काहीच हललं नाही. डोळे मिटत नव्हते. उटण्याचा वास, तेलाचा वास, आणि त्यांच्या तोंडाच्या कोपऱ्यातून सुटलेली लाळ छातीवर उतरत होती.

दुपारपर्यंत अंग तापाने फणफणलं. फराळाची ताटं घेऊन शेजारच्या बायका आल्या आणि दारातच थबकल्या. रिक्षा मिळेना. तळमजल्यावर राहणाऱ्या एका गृहस्थाने आपल्या टेम्पोत गादी टाकली, आणि निरोप मिळताच धावत आलेला सुरेश आणि मी त्यांना वाशीच्या दवाखान्यात नेलं. हायवेच्या दोन्ही बाजूंना कंदील लागले होते. ते आकाशाकडे डोळे सताड उघडे ठेवून पडले होते, पापणी न लववता, आणि मला दर क्षणाला वाटत होतं की गेले.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "गोळ्या कधी बंद केल्यात?"

"नाही केल्या," मी म्हटलं. "रोज घेतात. माझ्यासमोर."

डॉक्टर माझ्याकडे न बघता यांच्याकडे वाकले. "काका, गोळ्या घेत होतात का?"

उत्तर द्यायला आवाज नव्हता. हलायला मान नव्हती. फक्त डाव्या हाताचं एक बोट चादरीवरून सरकलं आणि खोलीच्या खिडकीकडे वळून थांबलं. मला आधी वाटलं, उजेड नको असेल. मग कळलं. खिडकी. पाण्याचा पेला. भात बघत प्यायलेलं पाणी. सगळ्या गोळ्या खिडकीबाहेर गेल्या होत्या.

सुरेश भिंतीला टेकून खाली बसला. "दादा, मी सांगितलं नव्हतं रे असं करायला," एवढंच म्हणत राहिला. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "ही औषधं अशी एकदम तोडायची नसतात. अंग गोठतं. ताप येतो. माणूस जाऊ शकतो." नाकातून नळी घातली, तिच्यातून त्याच गोळ्या पाण्यात विरघळवून द्यायला लागले.

त्यांचं अंग परत यायला दिवाळी उलटून गेली. परत आलं म्हणजे सगळं नाही. काहीतरी तिथेच राहिलं. बोलणं पुटपुटण्याएवढं झालं, गिळणं जड झालं. मी एकदाच विचारलं, "मला का नाही सांगितलंत?"

पुष्कळ वेळाने शब्द आले. "तू... घ्यायला लावली असतीस."

"मग?"

"मग मी आपला बरा झालो... का गोळीनं झालो... कसं कळणार?"

जिंकायचं तर स्वतःच्या ताकदीवर. कुणाचा हात लागलेला नको. नळी लावलेल्या माणसाशी काय भांडायचं?

आम्ही घरी आलो तेव्हा समोरचं भात कापून झालं होतं. कामोठ्याची हिराबाई आमच्याकडे पालेभाजी द्यायला यायची. तिने फडक्यात बांधून नवे तांदूळ आणले. "भाऊंना पेज करून घाला वयनी. मऊ करा, म्हनजे गल्यात अरकनार नाय." मग खिडकीपाशी जाऊन म्हणाली, "आमचा ह्यो शेवटचाच भात हाय. पुढल्या साली हितं खड्डं खननार." जमिनी नव्या शहरासाठी कागदावर केव्हाच गेल्या होत्या, बांधकाम सुरू होईतो हे लोक पेरत होते एवढंच. ती रडली वगैरे नाही. टोपली उचलून खाली गेली. त्या तांदळाची पेज मी दाट करायचे, कारण पातळ पाणी यांना ठसकत होतं. चमचा-चमचा भरवताना तो वास माझ्या हातांना लागायचा.

एका सकाळी सुरेशला यांच्याजवळ बसवून मी वाडीवर गेले. रस्ताभर काय बोलायचं ते जुळवत होते. आंब्याखाली नवी माणसं रांगेत बसली होती, मातीचे लेप लावून. गुरुजींनी मला ओळखलं. "या ताई, बसा."

"तुम्ही यांना गोळ्या बंद करायला सांगितल्यात?"

"मी कुणाला काही बंद करायला सांगत नाही," ते त्याच हळू आवाजात म्हणाले. "मी म्हणतो, शरीराचं ऐका. त्यांच्या शरीराने त्यांना सांगितलं असेल."

"त्यांचं शरीर लाकूड झालं होतं. मरता मरता वाचले ते."

"शुद्धी होताना त्रास होतो, ताई. थोडा धीर कमी पडला. आणखी काही दिवस काढले असते तर वेगळंच चित्र असतं."

जुळवलेलं सगळं माझ्या डोक्यातून गेलं. शिव्या देता येईनात. मी रांगेकडे वळले आणि ओरडून म्हटलं, "माती लावा, तेल लावा, व्यायाम करा. पण डॉक्टरच्या गोळ्या एकदम सोडू नका. माझ्या नवऱ्याने सोडल्या." मग एक माणूस उठला. त्याच्या शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोची मान सारखी हलत होती, नाही नाही म्हणत असल्यासारखी. त्याने हात जोडले. "बाई, जा ना तुम्ही. आमची एवढीच आशा आहे. दुसरं आमच्याकडे काय आहे?"

मी गेले. वाडीच्या फाटकाबाहेर बसची वाट बघत उभी होते तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्याच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडेही नाही.

उत्तर म्हणावं असं काही मिळालं नाहीच. अनघा मॅडम मिळाल्या. दवाखान्यातल्या फिजिओथेरपिस्ट, वयाने तिशीच्या आतल्या, बोलणं तडकफडक. पहिल्याच दिवशी यांना म्हणाल्या, "काका, पैलवानकी विसरा. आपल्याला हा रोग पाडायचा नाहीये. आपल्याला बाथरूमपर्यंत जायचंय."

यांचा चेहरा नेहमीसारखाच कोरा होता, पण मला कळलं की लागलं.

मॅडमनी घर बघितलं आणि मला लाल चिकटपट्टी आणायला सांगितली. बैठकीपासून मोरीपर्यंत फरशीवर पट्ट्या आडव्या चिकटवल्या, पावलाच्या अंतरावर. दाराच्या चौकटीत जिथे यांचे पाय खिळायचे, तिथेही एक. "जमिनीवरून चालायचं नाही. पट्टी ओलांडायची. टाच आधी टेकवा, काका. टाच! बोटं मागून येतात." आणि जो माणूस सपाट फरशीवर पाऊल टाकू शकत नव्हता, तो पट्टी दिसली की पाय उचलायचा. का, ते मॅडमनी समजावून सांगितलं होतं. चालणं आपोआप घडवणारी डोक्यातली वाट बुजते, पण डोळ्यांनी ठरवून टाकलेल्या पावलाची वाट वेगळी असते, ती काही काळ उघडी राहते. मला एवढंच समजलं की पूर्वी ते न बघता चालत होते आणि आता आयुष्यभर बघून चालायचं आहे.

वळताना जागच्या जागी वळायचं नाही, बससारखा मोठा फेरा घ्यायचा. खुर्चीतून उठताना आधी पुढे सरकायचं, नाक गुडघ्यांच्या पुढे न्यायचं. खिडकीत उभं राहून मोठ्याने "आ" म्हणायचं. कणीक मळायची. पनवेलच्या वैद्यांनी दिलेलं खाजकुइलीच्या बियांचं चूर्णही मधे काही दिवस चाललं, पण या वेळी डॉक्टरांना विचारून, त्यातही गोळीतलंच द्रव्य असतं म्हणून गोळ्यांचं माप त्यांनी बसवून दिल्यावर. मळमळायला लागलं तेव्हा थांबवलं. मालिश मात्र मी सोडली नाही. तेलाने रोग जात नाही, हे आता मला पक्कं ठाऊक होतं. पण तेल लावलेल्या सकाळी ते माझ्या हाताखाली डोळे मिटायचे, आणि दिवसभरात तेवढाच वेळ होता जेव्हा त्यांच्या अंगाला कुणाशी झगडावं लागत नव्हतं.

थंडी पडली तेव्हा मॅडमनी नेरुळच्या एका समाजमंदिरात कंपवाताच्या रुग्णांचा वर्ग सुरू केला. आठवड्यातून एकदा. हे म्हणाले, "नको. सगळे हलणारे एका ठिकाणी बघून मला काय मिळणार?" सुरेशने जवळजवळ उचलूनच नेलं. खुर्च्या गोल मांडलेल्या. त्यात उरणजवळच्या मोरा बंदरातले एक कोळी काका होते, धर्माजी. सुनेला घेऊन उरणहून बस बदलत यायचे. जाळी विणणारे हात मांडीवर ठेवून त्यांच्याकडे परक्यासारखे बघत बसायचे. "हात हाय," मला म्हणाले, "पन माझा नाय."

मधल्या वेळेत चहा यायचा. कप अर्धेच भरलेले असायचे, तरीही सगळ्यांनी बश्या हातात घेतल्या की खडखड, खडखड सुरू व्हायची. पहिल्या दिवशी आम्ही सोबतची माणसं शरमून खाली बघत होतो. धर्माजी म्हणाले, "आयला, मालगारी आली." आणि खुर्च्यांचं ते वर्तुळ हसायला लागलं. कुणाच्याच चेहऱ्यावर हसू नव्हतं. खांदे हलत होते, पोटं हलत होती, चहा सांडत होता आणि चेहरे सगळे दगडी. इतकं विचित्र आणि इतकं खरं हसणं मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

संक्रांतीच्या आसपास एकदा मॅडम पडल्यावर उठायचं कसं ते शिकवत होत्या. सतरंजीवर स्वतः पडून दाखवत होत्या. हे खुर्चीत अस्वस्थ व्हायला लागले. मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, "असं न्हाई."

"काय काका? मोठ्याने."

"असं न्हाई!" तो खिडकीतला "आ" कामाला आला असावा, सगळ्यांनी वळून पाहिलं. ते पुढे सरकले, नाक गुडघ्यांपुढे नेलं, उठले, सतरंजीपर्यंत गेले आणि आपणहून खाली बसून आडवे झाले. "पडलं की आधी पडून ऱ्हायचं," थांबत थांबत ते म्हणाले. "घाई करनारा पुन्हा पडतो. श्वास घ्यायचा. मग कुशीवर. मग कोपर. मग गुडघा." एकेक करत ते चौरंगासारखे हातापायांवर आले, खुर्ची धरली, एक पाय पुढे रोवला आणि उभे राहिले. कपाळावर घाम होता. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण ते हातांना जमण्यासारखं नव्हतं. धर्माजींनी मात्र विचारलं, "परत दाखवा भाऊ." त्यांनी परत दाखवलं.

घरी येताना मी म्हटलं, "तालमीत शिकवलं होतं का हे?"

"तालमीत पाडायला शिकवत्यात," ते म्हणाले. "हे मी आपल्या फरशीवर शिकलो."

होळीच्या आधी धर्माजी यायचे थांबले. ओल्या मोरीत घसरले, खुब्याचं हाड मोडलं. सुनेने सांगितलं की ते बराच वेळ पडून राहिले होते, मग कुशीवर वळले, कोपरावर आले, पण मोडलेला पाय पुढे येईना. अंथरुणाला खिळले आणि गेले. वर्गात त्यांची खुर्ची कुणी काढली नाही, आणि कुणी तिच्यावर बसलंही नाही. ज्या माणसाने वाडीवर मला हात जोडून जायला सांगितलं होतं, त्याचं आणि त्याच्या बायकोचं काय झालं ते मला कधीच कळलं नाही. शिबिरं पुढेही चालू होती.

यांनी नोकरी सोडली. त्यानंतर पुष्कळ वर्षं ते जगले, आणि व्यायाम केला नसता तर इतकी वर्षं आपल्या पायाने मोरीत गेले नसते, असं डॉक्टर म्हणायचे. मला पटतं. पण लोक विचारतात, "म्हणजे व्यायामाने फायदा झाला ना?" तेव्हा हो म्हणताना जीभ अडखळते. फायदा म्हणजे चढणं, असं त्यांना वाटत असतं. आम्ही एका उतारावरून खाली येत होतो, आणि व्यायामाने एवढंच केलं की गडगडलो नाही. पायरी पायरीने उतरलो. पट्ट्यांचा लाल रंग उडाला, मी नव्या चिकटवल्या. पुढे पट्टी दिसूनही पाय उचलेना. मग काठी, मग चाकांची खुर्ची, मग पलंग. अनघा मॅडम लग्न होऊन परगावी गेल्या. जाताना मला शिकवून गेल्या की माणूस स्वतः हलू शकत नसेल तर त्याचे सांधे आपण हलवायचे, नाहीतर आखडतात आणि दुखतात. रोज सकाळी, अंग पुसायच्या आधी. खांदा, कोपर, मनगट. मग गुडघा पोटाकडे न्यायचा आणि सरळ करायचा. मग घोटा.

शेवटची दोन वर्षं मी ते करत होते. त्यांचं वजन इतकं उतरलं होतं की पाय उचलायला मला कष्ट पडायचे नाहीत. मी बोलत राहायचे, दूधवाला काय म्हणाला, पाणी किती वाजता येणार. ते डोळ्यांनी ऐकायचे.

गेले ते मे महिन्यात. सकाळची वेळ होती, पंखा चालू होता. दोन्ही हात झाले होते. उजवा पाय हातात घेतला, गुडघा वाकवला, सरळ केला, पुन्हा वाकवला. काहीतरी सांगत होते मी, काय ते आठवत नाही. गुडघा नेहमीपेक्षा सोपा वळला. रोज त्यात एक अडकण असायची, दात असलेल्या चाकासारखी, ती नव्हती. मी वर पाहिलं. डोळे उघडे होते, पण ते नेहमीच उघडे असायचे. मी नाकापुढे हात धरला. मग छातीवर ठेवला.

सुरेशला फोन करायला हवा होता. शेजाऱ्यांना हाक मारायला हवी होती. मी उठलेसुद्धा. पण डावा पाय राहिला होता.

मी परत बसले. डावा गुडघा हळूच पोटाकडे नेला, सरळ केला. घोटा फिरवला. टाच हातात धरून थोडा वेळ दाबली, आणि मग पाय चादरीवर ठेवून दाराकडे गेले.